खांब आधी आला

एखाद्या गावाच्या महसुली शिवारात कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकरण झालेले समजावे, अशी व्याख्या सरकारी दप्तरात 1997 सालापर्यंत चालू होती. शिवाराच्या टोकाला एका विहिरीवर एक मोटार सुरू झाली की कागदावर अख्खे गाव उजळत असे. 2004 साली व्याख्या अधिक कडक झाली. रोहित्र हवे, वाहिनी हवी, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी वीज हवी आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी हवी, असे ठरले. पण त्या गावात वीज समजणारा, बिघाड ओळखून तो दुरुस्त करणारा एक तरी शिकलेला माणूस असावा, ही अट जुन्या व्याख्येत नव्हती आणि नव्यातही आली नाही. परभणी जिल्ह्यातल्या विजेचा इतिहास हा माझ्या मते या राहून गेलेल्या अटीचा इतिहास आहे. खांब आधी आला, विद्या मागाहून आली. आणि मधल्या काळात ज्यांनी ती हाताने कमावली त्यांना शिकलेले म्हणायला व्यवस्था आजही पुरती तयार नाही.

याची सुरुवात विजेच्याही आधी होते. मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, 1915 साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली. कारखाना आणि तो चालवणारी विद्या तिथे एकाच शहरात, एकमेकांच्या हाकेवर वाढली. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि तंत्रशिक्षणाची वाट हैदराबादकडे जात होती. उस्मानिया विद्यापीठ 1918 सालचे, त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1929 सालचे. तिथले माध्यम उर्दू होते. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देता येते हे त्या विद्यापीठाने दाखवून दिले, आणि त्याचे हे श्रेय मोठे आहे. पण ती भाषा जिंतूर-पाथरीच्या शेतकऱ्याच्या घरातली नव्हती, आणि ते शहरही त्याच्या आवाक्यातले नव्हते. निजाम स्टेट रेल्वेचा मोठा कारखाना सिकंदराबादजवळ लालागुड्याला. पूर्णा जंक्शनला आगगाड्यांची एवढी वर्दळ, पण ती विद्या रेल्वेच्या कुंपणाआतच राहिली. सेलू-मानवतच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये आधी बॉयलर आणि ऑईल इंजिने होती, मोटारी पुढे आल्या. जिल्ह्यातल्या पहिल्या मोटार-मेकॅनिकांमध्ये हातोडी-पान्याची सवय असलेले हे इंजिनवाले असणार, असे मानायला जागा आहे. शाळेतून आलेला माणूस त्या पिढीत क्वचितच असेल.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळाची स्थापना झाली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जिल्ह्याभोवती विजेची आणि पाण्याची तीन मोठी कामे उभी राहिली. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले आणि त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे साडेबावीस मेगावॉटचे वीजघर बसले. गंगाखेडच्या पलीकडे, बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र 1971 साली तीस मेगावॉटच्या संचाने सुरू झाले आणि 1980च्या दशकात 210 मेगावॉटच्या संचांपर्यंत वाढले. 1976 साली लोकार्पण झालेल्या जायकवाडीचा 208 किलोमीटरांचा डावा कालवा परभणीच्या काळ्या जमिनीत शिरला. कालव्याचे पाणी झिरपले, आसपासच्या विहिरी भरल्या, आणि विहीर भरली की मोटार आली. ही तीन कामे म्हणजे तीन उत्तम शाळा होत्या. येलदरीचे टर्बाइन धरणातून पाणी सोडले की फिरते. पाणी, दाब, फेरे आणि भार यांचे नाते समजावून सांगायला याहून चांगली प्रयोगशाळा कुणी मागून मिळणार नाही. पण वीजघर ते चालवणाऱ्यांसाठी बांधलेले असते. तिथली विद्या बदलीबरोबर येते आणि बदलीबरोबर जाते. जिल्ह्यात वीज तयार होत होती, जिल्ह्याच्या दाराशी होत होती, आणि तरी विजेचा अभियंता व्हायचे तर 1960 सालापासून औरंगाबाद आणि 1981 सालापासून नांदेड गाठावे लागत होते. तेही बारावीचे गणित सुटले तर.

मग मधली पोकळी भरली कुणी? ती भरली मोटार भरणाऱ्याने. जिल्ह्यातल्या बाजारगावांत त्याचे दुकान शोधावे लागत नाही. जळक्या वार्निशचा वास आणि दारात पडलेली स्टेटरची कवचे पुरेशी असतात. पाच अश्वशक्तीची जळालेली मोटार मोटरसायकलवर आडवी बांधून येते. कारागीर झाकण उघडतो आणि आधी नुसता बघतो. सगळी गुंडाळी सारखी काळी पडली असेल तर भार जास्त झाला, बेअरिंग धरले किंवा दाब कमी होता. दोन फेजची गुंडाळी जळून तिसरी कोरी राहिली असेल आणि मोटार स्टार जोडणीची असेल, तर एक फेज गेला आणि मोटार उरलेल्या दोनांवर ओढत राहिली. डेल्टा जोडणीत हेच उलटे दिसते, तिथे एकच फेज काळा पडतो. अभियांत्रिकीच्या वर्गात हा धडा वर्तुळे आणि बाण काढून शिकवतात. इथे तो जळालेल्या तांब्याच्या रंगावरून वाचला जातो, आणि निदान तेच निघते. मग जुनी तार ठोकून काढायची, एका कॉइलचे वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, निघालेले तांबे तोलायचे आणि हे सगळे वहीत लिहून ठेवायचे. खाचांत नवा कागद, साच्यावर नव्या कॉइली, वर बांबूच्या पट्ट्या, जोडण्या, वार्निश, वाळवण. शेवटी टेस्ट लॅम्प आणि टाँग टेस्टर, तिन्ही फेजांना अँपिअर सारखे येतात का ते बघायला. त्या वहीला मी ग्रंथ म्हणेन. कोणत्या कंपनीची मोटार, किती खाचा, किती वेढे, कोणता गेज, याची वर्षानुवर्षांची नोंद जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे नसेल.

या माणसाकडे कायदा कसा बघत होता? परभणी मुंबई राज्यात आली त्याच 1956 साली भारतीय वीज नियम लागू झाले. त्यांतला 45वा नियम सांगत होता की ग्राहकाच्या जागेत दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यापलीकडचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे, आणि हात लावणाऱ्याकडेही परवाना असावा. नियम योग्य होता. विजेत चूक परत दुरुस्त करायला माणूस उरत नाही. पण परवान्यासाठी परीक्षा, परीक्षेसाठी प्रशिक्षण आणि प्रशिक्षणासाठी जागा लागते. ती जागा जिल्ह्यात पुरेशी नसताना नियमाने सुरक्षितता आणली नाही, सही आणली. नव्या जोडणीला लागणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारकाची सही पडत राहिली आणि तार ओढत राहिला दुसराच कुणीतरी. त्या दुसऱ्याला गावाने स्वतःच नाव दिले आहे: झिरो वायरमन. पदही नाही, परवानाही नाही, विमाही नाही, पण रात्री डीपीवरचा फ्यूज गेला की बोलावणे त्यालाच. एका लाईनमनकडे अनेक गावे असतात, शेतीची वीज निम्म्या आठवड्यांत रात्रीची असते, आणि गव्हाचे पाणी सकाळपर्यंत थांबत नाही. असे काम करताना मेलेल्याची बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते, आणि त्या बातमीतही त्याची ओळख झिरो वायरमन एवढीच असते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मराठवाडा सगळ्यातच मागे होता, मग विजेच्या विद्येचे वेगळे दुःख कशाला? उत्तर सरकारी अहवालातच आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 साली राज्यातला प्रादेशिक अनुशेष मोजला. तो सुमारे 3,186 कोटी रुपये भरला, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 750 कोटी. समितीने जी क्षेत्रे धरली त्यांत ग्रामीण विद्युतीकरण एक होते आणि तंत्रशिक्षण दुसरे. मोजणीसाठी क्षेत्रे वेगळी करावीच लागतात, त्या कामाचे मोल कमी होत नाही. पण खर्चही तसाच वेगवेगळ्या खात्यांतून झाला. एका खात्याने पंपांच्या जोडण्या वाढवल्या, दुसऱ्याने वर्ग आणि कार्यशाळा. जोडण्या वाढवल्या की तितकेच जाणते हातही वाढवावे लागतात, हे गणित कुठल्याच खात्याचे नव्हते. रस्ता माणूस तयार न करताही वापरता येतो. विजेचे तसे नाही. ती रोज कुणाच्या तरी हाताखाली असते. म्हणून हा अनुशेष बाकीच्यांसारखा नाही, दोन अनुशेषांच्या गुणाकाराने तो वाढतो.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुकानातली विद्या ही सवय आहे, शास्त्र नव्हे. तिचे कौतुक करणे म्हणजे धोक्याचे कौतुक करणे. यातला अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. जुनी गुंडाळी काढायला स्टेटर भट्टीसारखा तापवला तर त्याच्या पत्र्यांमधले विद्युतरोधन खराब होते, लोहहानी वाढते आणि मोटार चालली तरी कायमची जास्त वीज खाते. हे नुकसान टेस्ट लॅम्पला दिसत नाही. अर्थिंगकडे दुर्लक्ष, सिंगल फेजच्या वेळात कंडेन्सर लावून मोटार ओढणे, वीज येताच आपोआप पंप सुरू करणारे ऑटो स्विच आणि त्यामुळे एकाच क्षणी रोहित्रावर पडणारा सगळ्या शिवाराचा भार, हेही या विद्येच्याच खात्यावर जाते. पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्याच्या उलट आहे. ज्याला फेज कोणता जळाला हे डोळ्यांनी कळते त्याला लोहहानी समजावणे कठीण नाही. ज्याने मोटार उघडलीच नाही त्याला ती समजावणे कठीण आहे. अपुरी विद्या पुरी करायची असते. आपण ती बेकायदा ठरवून बाजूला ठेवली.

तिसरे म्हणणे असे की आता शाळा आल्या. आल्या, आणि ती खरी कमाई आहे. परभणीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेपासून तालुक्याच्या गावांपर्यंत वीजतंत्री आणि तारतंत्री हे व्यवसाय शिकवले जातात, 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने पुढचे एक दार उघडते. कामावर असलेल्याला अभियंता होण्याची वाटही होती. 1920 साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई परीक्षा घरी अभ्यास करून देता येत असे आणि सरकारी नोकरीत ती पदवीच्या बरोबरीने धरली जाई. दिवसा उपकेंद्रात पाळी आणि रात्री विभाग ‘ब’चे पुस्तक, अशा वाटेने जाणाऱ्यांसाठी ती होती. 2013नंतर नोंदणी करणाऱ्यांसाठी ती समकक्षता उरली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालय नसलेल्या माणसाचे यात काय गेले, याची चर्चा मराठवाड्यात जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही. 2016 साली शासनाने छोट्या ग्रामपंचायतींसाठी आयटीआय झालेल्या स्थानिक तरुणांमधून ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमण्याचे ठरवले. गावाला गावातलाच जाणता माणूस लागतो, ही राहून गेलेली अट साठ वर्षांनी का होईना कागदावर आली. मात्र ती आयटीआयच्या प्रमाणपत्रापाशी थांबली. वीस वर्षे मोटारी भरणाऱ्याला त्या दारातून आत येता आले नाही, आणि प्रमाणपत्र असलेल्यांतले कितीतरी चाकण-वाळूजच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले.

शिकण्याचे प्रसंगही जिल्ह्यात अगदीच नाहीत असे नाही. विद्युत सुरक्षा सप्ताह वर्षानुवर्षे जानेवारीत होत आला, 4 मार्चला लाईनमन दिवस, 15 सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या जयंतीचा अभियंता दिन. सभागृह भरते, शपथ घेतली जाते, हातमोजे आणि हेल्मेट दाखवले जाते. पण जानेवारी म्हणजे रब्बीच्या पाण्याचा ऐन हंगाम. जळालेल्या मोटारींची रांग दुकानाबाहेर तेव्हाच लागते. ज्याने त्या सभागृहात बसायला हवे तो त्या आठवड्यात मान वर करू शकत नाही.

आणि आता शिकण्याची गरज पुन्हा बदलते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 सालची, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ अलीकडची. परभणीत 1918 सालापासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. 1972 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात आता सौरपट्ट्यांखाली पीक घेऊन पाहण्याचेही प्रयोग झाले. शेतातल्या नव्या पंपाच्या शेजारी कंट्रोलरची पेटी असते. ब्रशविरहित डीसी मोटार त्या पेटीशिवाय फिरत नाही, तिची परीक्षा टेस्ट लॅम्पने होत नाही, आणि पाच वर्षांच्या हमीच्या काळात पेटी बाहेरच्या माणसाने उघडायची नाही. सहाव्या वर्षी ती शेतकऱ्याच्या पदरात पडेल आणि तो ती त्याच दुकानात घेऊन येईल. तोवर तिच्या आतले काय शिकवायचे ते शिकवता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी विद्यापीठ, आयटीआय, विद्युत निरीक्षकांचे कार्यालय सगळे परभणी शहरातच आहेत. वेळ मात्र दुकानाची बघावी लागेल. पाऊस लागला की विहिरीवरच्या मोटारी थंडावतात, श्रावणात भट्टी गार असते, दुकानातला पोऱ्या दुपारी दारात बसून असतो. वर्ग तेव्हा भरवावा, मराठीत भरवावा, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपली वेढ्यांची वही बरोबर आणायला सांगावे.