किरणोपचार पथक

कर्करुग्णावर किरणोपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या समूहास किरणोपचार पथक म्हणतात. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट हे पथकाचे प्रमुख डॉक्टर असतात. किती ग्रे मात्रा द्यायची, ती किती बैठकांत विभागायची, हे ते ठरवतात. सीटी स्कॅनच्या प्रतिमांवर गाठीची सीमाही तेच आखतात.

पुढील काम वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांचे. रुग्णाची व त्यांची भेट क्वचितच होते. कोणत्या दिशांनी किरण सोडल्यास गाठीला पुरेशी आणि शेजारच्या मज्जारज्जूला कमीत कमी मात्रा पोहोचेल, याचे गणित ते संगणकावर मांडतात. यंत्रातून निघणारी मात्रा ठरल्याइतकीच आहे ना, हेही ते मोजून पाहतात. एकदा शरीरात गेलेली मात्रा परत काढता येत नाही. भारतात या कामाचे प्रशिक्षण देणारा एक जुना पदविका अभ्यासक्रम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात चालतो.

रुग्णाला रोज भेटतात ते रेडिओथेरपी तंत्रज्ञ. डोके व मानेच्या कर्करोगात अनेकदा सात आठवड्यांत ३५ बैठका होतात. प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा बसवून रुग्णाला त्याच स्थितीत निजवावे लागते. किरण सुरू असताना तंत्रज्ञ खोलीबाहेरून कॅमेऱ्यातून लक्ष ठेवतात.

परिचारिका त्वचेची व तोंडातील व्रणांची काळजी घेतात. गिळणे अवघड झाल्यास आहारतज्ज्ञ लागतात. तोंडाच्या कर्करोगात दंतवैद्याची तपासणी मात्र उपचारापूर्वीच व्हावी लागते. किरण घेतलेल्या जबड्यातील दात नंतर काढल्यास जखम भरून येणे कठीण असते.