फाशापलीकडचा लावा

आश्विन, १९३५. परतीचा पाऊस नुकताच थांबलाय. सोलापूरच्या माळावर गुडघाभर गवतात तुम्ही उभे आहात, कुसळं धोतराला चिकटलीत. डावीकडून साद येते, ‘व्हिट-व्हिट, व्हिट-व्हिट’, जोडीजोडीनं. दोन पावलं टाकता आणि पायाशीच भर्रकन काहीतरी उठतं, थोडं लांब जाऊन गवतात बुडतं. लावा. छाती काळी, म्हणजे नर.

“हलू नगा, मालक.”

बांधाआड फासेपारधी उकिडवा बसलाय. घरात गुजरातीच्या वळणाची बोली, तुमच्याशी मराठी. काठ्यांना बांधलेल्या फाशांची रांग त्यानं गवतात आडवी रोवलीय. आता तो चरणाऱ्या गाईच्या चालीनं मागून सरकतो. लावा शक्यतो उडत नाही, पायीच सटकतो; दामटला तर मात्र हातचा जातो. किती हळू चालायचं, हे ज्ञान कुठल्याच पुस्तकात नाही. फाशात आलेली गाभण हरणी आणि पाडस हे लोक पूर्वी सोडून देत, अशी नोंद पुढे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा करतील.

दोन लावे फाशात अडकतात. एकेक जेमतेम पाऊणशे ग्रॅमचा. पालापाशी बायको निखाऱ्यावर मीठ-मिरची लावून ते भाजते. मांस काळसर, हाडं इतकी बारीक की चावूनच खायची. तुम्ही बोटं चाटताय, तो मात्र उठतो. पोलीस पाटलाकडे हजेरी आहे. गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं तो जन्मतःच गुन्हेगार ठरलाय. ३१ ऑगस्ट १९५२ ला जमातीवरचा हा शिक्का कागदावरून निघेल. माळाची इतकी जाण असलेल्या माणसाचं नाव सरकारनं गुन्हेगारांच्या वहीत लिहावं, हा घोर अन्याय होता.

आता पुढे या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातल्या लाव्याला संरक्षण मिळालंय. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून लाव्याचा भाऊबंद, जपानी बटेर, बरेलीजवळच्या इज्जतनगरला आला. हॉटेलात आज तुमच्या ताटात येतो तो हाच, माळावरच्यापेक्षा दुपटीनं जड. पाळणाऱ्याला तो परवडतो: मादी सहा-सात आठवड्यांत अंडी घालू लागते. पण अंड्यांवर बसणं पाळीव माद्यांमध्ये जवळजवळ नाहीसं झालंय. अंडी सतरा-अठरा दिवसांनी यंत्रातच उबून फुटतात.

माळावरची मादी अजून स्वतःच बसते, जमिनीवरच्या साध्या खळग्यात. त्यासाठी तिला गवत लागतं. तुम्ही उभे होता त्या जागेची नोंद ‘पडीक’ अशी आहे, आणि वृक्षारोपणासाठी तिथं खड्डे खणून झालेत.