तळटीप : वॉल्टर ब्रेनन
१. वॉल्टर ब्रेनन (१८९४–१९७४) : मॅसॅच्युसेट्स प्रांतातील लिन गावी जन्मलेला व पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर तोफखान्यात चाकरी बजावून आलेला हा नट हॉलिवुडात आरंभी केवळ गर्दीतला एक इसम म्हणून वावरला, तथापि १९३६, १९३८ व १९४० या सालांच्या चित्रपटांबद्दल साहाय्यक नटाचे ऑस्कर पारितोषिक त्यास तीनदा प्राप्त झाले. मतदानाचा हक्क तेव्हा गर्दीतल्या नटांनाही असल्याने त्यांनी जुन्या सोबत्याची तरफदारी केली, हा आक्षेप, 'द वेस्टर्नर'मधील त्याचा लहरी न्यायाधीश रॉय बीन ज्याने पाहिला आहे, त्याला मान्य होणे कठीण. ऐन उमेदीत दात गमावल्यामुळे कवळी काढताच मुखावर वार्धक्य उतरे, आणि या व्यंगाचेच त्याने भांडवल केले. 'रेड रिव्हर'मध्ये (१९४८) गुरांच्या तांड्याबरोबर रसदीची गाडी हाकणारा त्याचा ग्रूट पत्त्यांच्या डावात आपली कवळीच हरतो, आणि मग प्रत्येक भोजनसमयी जिंकणाऱ्याकडून ती तेवढ्यापुरती मागून घेतो. प्रेक्षक हसतो, परंतु त्या म्हाताऱ्याची प्रतिष्ठा रतिमात्रही उणी होत नाही. 'रिओ ब्राव्हो'तील (१९५९) लंगडा, कुरकुरणारा तुरुंगरक्षकही त्याच जातीचा. मूळ लेखकाने येथे त्यास 'विनोदी नट' म्हटले आहे. ते अपुरे आहे. 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये (१९४६) थोराड मुलांना चाबकाने फोडून काढणारा त्याचा क्रूर क्लँटन वाचकांनी अवश्य पाहावा.