परसबागेतील गावठी गुलाब : पाली (जि. बीड) परिसरासाठी लागवड आणि निगा

मराठवाड्यातील जुन्या घरांच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले गुलाबी फुलांचे काटेरी झुडूप अनेकांनी पाहिले असेल. फूल लहान, देठ आखूड, पाकळ्या दुसऱ्या दिवशी गळणाऱ्या. पण सुवास असा की एक फूल देवघरात ठेवले तरी घरभर दरवळतो. हाच आपला गावठी गुलाब. बाजारातल्या लांब दांड्याच्या डच गुलाबापुढे तो मागे पडला आणि घरांची नवी बांधकामे होताना अनेक ठिकाणी मुळासकट निघाला. ज्यांच्याकडे जुने झाड शिल्लक आहे त्यांनी ते जपावे आणि त्याची रोपे करावीत. रोपवाटिकेत हा गुलाब खात्रीने मिळेलच असे नाही.

गावठी म्हणजे नेमका कोणता?

एकाच नावाखाली दोन वेगळे गुलाब चालतात, म्हणून आधी ओळख पटवून घ्या. पहिला दमास्क गुलाब. त्याची पाने फिकट, किंचित राखाडी हिरवी आणि खालून लवदार असतात. फांदीवर लहान-मोठे काटे दाटीने असतात. कळीच्या देठाला हात लावला तर चिकटपणा जाणवतो. अत्तरासाठी कनौज, हसायन, पुष्कर या भागांत तो लावतात. लखनौच्या सीमॅप संस्थेचे नूरजहाँ व राणीसाहिबा आणि पालमपूरच्या संस्थेचे ज्वाला व हिमरोज हे वाण याच गटातले. मैदानी भागात दमास्क वर्षातून एकदाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये भरभरून फुलतो.

दुसरा एडवर्ड गुलाब. पाने गुळगुळीत व थोडी चमकदार, काटे कमी आणि आकड्यासारखे वाकलेले, फूल गडद गुलाबी. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर, ज्याचे जुने नाव बूरबाँ, दमास्क आणि चिनी गुलाबाच्या संकरातून हा गट १९ व्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आला. दमास्कचा सुवास आणि चिनी गुलाबाची पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय, असे दोन्ही गुण त्यात उतरले. भारतात तो कुंपणासाठी आणि कलमांचा खुंट म्हणून पसरला. त्यामुळे एक गंमत घडते. विकत आणलेले रंगीत कलम उन्हाळ्यात मरते, खुंट मात्र फुटतो आणि दोन वर्षांनी गुलाबी फुले येऊ लागतात. ‘झाड उलटले’ म्हणून लोक ते उपटून टाकतात. फूल सुवासिक असेल तर उपटू नका. तुम्हाला गावठी गुलाब फुकटात मिळाला आहे.

पाली परिसरासाठी आमची शिफारस एडवर्डचीच आहे. इथली थंडी थोडक्यात आटोपते, आणि वर्षातून एका बहरासाठी बारा महिने पाणी घालणे छोट्या बागेला परवडत नाही. दमास्क लावायचाच असेल तर हौसेपुरते एक-दोन रोप लावा.

जागा आणि जमीन

सकाळचे किमान पाच-सहा तास ऊन आणि दुपारी तीननंतर भिंतीची किंवा झाडाची सावली, अशी जागा उत्तम. म्हणजे घराची पूर्व बाजू. पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीलगत लावलेले झाड एप्रिल-मेमध्ये अक्षरशः भाजते.

बालाघाटच्या उतारावरील जमिनी बहुतेक हलक्या आणि मुरमाड आहेत, तर बिंदुसरेच्या काठाला काळी माती सापडते. मुरमाड जमिनीत दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात निम्मी गाळाची माती भरा. काळ्या जमिनीत उलट करा: खड्ड्याच्या तळाशी मुरूम टाका आणि झाड सहा इंच उंच वरंब्यावर लावा. गुलाब कोरड्यात तग धरतो, साचलेल्या पाण्यात मात्र मुळे कुजतात. प्रत्येक खड्ड्यात पाच ते आठ किलो शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणाने हुमणी व वाळवी येते. दोन झाडांत तीन फूट अंतर ठेवा. कुंडीत लावायचे असल्यास ती १४ इंचांपेक्षा लहान नको.

माती चुनखडीयुक्त असेल तर कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे. जास्त युरिया टाकून ती जात नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि दोन लिंबांचा रस मिसळून संध्याकाळी फवारा, १५ दिवसांनी पुन्हा एकदा. सामू ८ च्या पुढे गेला आहे का, हे माती परीक्षणातून कळेल.

रोपे तयार करणे

गावठी गुलाबाला कलमाची गरज नाही, तो स्वतःच्या मुळांवर चांगला वाढतो. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांद्यांचे सहा ते आठ इंचांचे तुकडे करा. प्रत्येकावर तीन-चार डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या आणि दोन तृतीयांश भाग वाळू-मातीच्या मिश्रणात सावलीत खोचा. ओल सतत राहावी, चिखल नको. पाने फुटली म्हणजे मुळे आली असे समजू नका. फांदीतल्या साठ्यावरही पाने फुटतात. दोन महिने तरी रोप हलवू नका. फक्त एक-दोनच रोपे हवी असतील तर पावसाळ्यात दाब कलम करणे अधिक खात्रीचे: जमिनीलगतची फांदी थोडी खरवडून मातीत दाबा, वर दगड ठेवा, मुळे सुटल्यावर तोडून घ्या.

छाटणी आणि आकार

मोकळा सोडला तर हा गुलाब पुरुषभर उंच जातो. छोट्या बागेत तो तीन-चार फुटांवर ठेवता येतो. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत छाटणी करा. वाळलेल्या, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या तळातून काढा. उरलेल्यांचा फक्त एक तृतीयांश शेंडा, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या थोडे वर, तिरका कापा. डच गुलाबासारखी खोल छाटणी इथे करू नये. झाड नुसत्या फांद्या काढत बसते. कापलेल्या टोकांना १० टक्के बोर्डो पेस्ट लावा (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १० लिटर पाणी, घरासाठी याचा दहावा भागही पुष्कळ होतो). शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली येणारी फांदीमर याच जखमांतून शिरते. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फुले सुरू होतात.

लांब वाढलेल्या जोमदार फांद्या मात्र सगळ्या कापू नका. दोन-तीन फांद्या आडव्या वाकवून कुंपणाच्या तारेला सुतळीने सैल बांधा. उभ्या फांदीवर टोकाला फुले येतात, आडव्या फांदीवर जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो. जागा कमी असलेल्या घरात फुले वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

पाणी : खरी कसोटी

२०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले. अशा वर्षी फुलझाडासाठी वेगळे पाणी मागणे शक्य नसते, म्हणून सवय पहिल्या वर्षापासूनच लावा. रोज तांब्याभर पाणी घालू नका. त्याने मुळे वरच राहतात. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात दिवसाआड, पण मुळापर्यंत पोहोचेल असे पाणी द्या. बोट दोन इंच खाली घालून ओल लागली तर पाळी चुकवा. बुंध्यापासून थोडे अंतर सोडून उसाच्या पाचटाचे किंवा सोयाबीनच्या भुसाचे तीन-चार इंच आच्छादन ठेवा.

भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी बिनधास्त द्या. कपड्यांच्या पावडरचे पाणी टाळा. त्यातील सोडियमने काळी माती घट्ट होते. बोअरचे पाणी जड असेल आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर पावसाळ्यात पत्र्याचे पाणी झाडाभोवती सोडून क्षार खाली जाऊ द्या.

पाणी अगदीच तुटले तर झाड जगवायचे, फुलवायचे नाही. खत बंद करा, कळ्या खुडा, छाटणी करू नका, गोणपाटाची सावली करा आणि आठवड्याला एक बादली पाणी द्या. पाने गळाली तरी घाबरू नका. फांदी नखाने खरवडल्यावर आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे आणि जूनमध्ये फुटेल.

कीड-रोग आणि फुलांचा वापर

ही फुले खाण्यात येतात. गुलकंदाच्या झाडावर आंतरप्रवाही कीटकनाशक वापरूच नका. मावा असल्यास पाण्याचा जोरदार फवारा, नंतर निंबोळी अर्क ५ टक्के. फांदीवर चिकटलेले खवले जुन्या दातघाशीने साबणाच्या पाण्यात घासून काढा; दुर्लक्ष केले तर ही कीड झाड संपवते. थंडीत पानांवर भुरी आली तर पाण्यात मिसळणारे गंधक प्रति लिटर २ ग्रॅम फवारा, कडक उन्हात नको. त्यानंतर उमललेली पहिली फुले गुलकंदाला घेऊ नका.

फुले सूर्य वर येण्याआधी तोडा. ऊन चढले की सुवासाचे तेल उडते. पाव किलो पाकळ्यांना शंभराहून अधिक फुले लागतात, त्यामुळे तीन-चार झाडांच्या घरात भरणी हळूहळू भरावी: दर खेपेला पाकळ्यांच्या वजनाइतकी खडीसाखर, एक थर पाकळ्या, एक थर साखर. पाकळ्यांना पाण्याचा अंश राहिला तर बुरशी येते. भरणी तीन-चार आठवडे उन्हात ठेवून अधूनमधून कोरड्या चमच्याने हलवा. विक्री करायची असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी करून घ्या. माती परीक्षण व रोगाच्या निदानासाठी अंबाजोगाई किंवा खामगाव (ता. गेवराई) येथील कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करा, जाताना रोगट फांदी ओल्या कापडात नको, कागदात गुंडाळून न्या.