कुलूप दाराचं, दुखणं इंजिनाचं

किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली, आणि इंजिन आपलं चालूच! मर्सिडीजच्या जुन्या डब्ल्यू १२३ डिझेलवाल्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. १९७६ साली आलेलं हे मॉडेल. पेट्रोल-डिझेल मिळून सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. आणि गंमत म्हणजे, इंजिन बंद न होण्याचं कारण पुष्कळदा इंजिनात सापडतच नाही. ते सापडतं एखाद्या दाराच्या आत, सेंट्रल लॉकिंगमध्ये.

दारांची कुलपं एका जागेवरून लावायची कल्पना तशी फार जुनी. अमेरिकेत स्क्रिप्स-बूथने १९१४ मध्येच ती आणली, पण रुजली नाही. १९५६ मध्ये पॅकार्डने पुन्हा आणली, मग हळूहळू ती महागड्या गाड्यांत दिसू लागली. मर्सिडीजने मात्र या गाडीत वीज न वापरता चक्क हवा वापरली. म्हणजे हवेचा अभाव, व्हॅक्यूम!

यामागचा हिशेब मला फार आवडतो. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम फुकट मिळतो. डिझेलला तो मिळत नाही, म्हणून ब्रेकसाठी वेगळा पंप बसवावाच लागतो. आता पंप आहेच, तर त्याच्यावरच बाकीची कामंही टाकू! दारं, डिकी, टाकीचं झाकण, ऑटोमॅटिक गिअर. आणि इंजिन बंद करणंसुद्धा. डिझेलला स्पार्क लागत नाही, त्यामुळे नुसती वीज तोडून ते थांबत नाही, इंधन तोडावं लागतं. किल्ली बंद केली की व्हॅक्यूम एक पडदा ओढतो आणि इंधन थांबतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सगळ्यांचा सर्व्हर एकच.

ड्रायव्हरचं सोडून बाकी प्रत्येक दारात एक रबरी पडदा असतो आणि त्याला दोन नळ्या, एक लॉक करायला आणि एक उघडायला. रबर म्हातारं होतं, चिरतं. बिजागरीजवळ नळी रोज वाकून वाकून तडकते. मग सुरुवातीला एवढंच जाणवतं की गाडी तासभर उभी केली की मागचं दार किल्लीला दाद देत नाही. माणूस दुर्लक्ष करतो. पुढे गळती वाढते, गिअर धक्के देऊन पडायला लागतात, आणि एक दिवस इंजिन थांबायला नकार देतं. (बॉनेट उघडून 'स्टॉप' लिहिलेला दांडा दाबला की थांबतं, पण पेट्रोल पंपावर हे करताना लोक बघतात!)

शोधायची रीत म्हणजे शुद्ध डीबगिंग. आधी दारांकडे जाणारी नळी काढून तोंड बंद करायचं. आता इंजिन नीट थांबलं तर चोर लॉकिंगमध्येच आहे. मग ड्रायव्हरचं दार आतून लॉक करून पुन्हा बघायचं. लॉक असताना थांबतं आणि उघडं असताना थांबत नाही, तर गळती उघडायच्या नळीवर. अर्धी शक्यता एका झटक्यात बाद, आणि अजून एक स्क्रूसुद्धा काढलेला नाही! त्यानंतर हातपंप लावून एकेक दार तपासायचं. काटा स्थिर राहिला तर दार ठीक, घसरला तर त्या दाराचं आतलं कव्हर उघडायचं. हे सोडून थेट इंधनाच्या पंपाला हात घालणारा मेकॅनिक भेटला तर खिशाला मोठी कात्री लागते.

पुढच्या गाड्यांत मर्सिडीजने लॉकिंगला स्वतःचा विजेचा पंप दिला. आपल्या पुण्यात, पिंपरीला १९९५ पासून जुळणी झालेली डब्ल्यू १२४ त्याच पिढीतली. त्यानंतर दारोदारी छोट्या मोटरी आल्या आणि हवेचा कारभार संपला.

डब्ल्यू १२३ अजूनही धावतात. अमेरिकेतल्या काही मालकांचा उपाय तर फारच साधा: गोल्फचा चेंडू ठेवायची लाकडी खुंटी त्या नळीत खोचून द्यायची. इंजिन मुकाट्याने बंद होतं. दारं मात्र मग एकेक करून, हाताने लावायची.