लगद्यावरच्या रहस्यकथा

बल्लारपूर म्हटले की कागद आठवतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील बांबूच्या भरवशावर येथील कागद गिरणी १९४५ मध्ये स्थापन झाली. बांबूचे तुकडे रसायनांत शिजवायचे, त्यांचा लगदा करायचा आणि त्या लगद्यातून कागद काढायचा, असा हा व्यवसाय. लगद्याला इंग्रजीत ‘पल्प’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत लाकडाच्या हलक्या लगद्यावर छापलेल्या स्वस्त मासिकांना हेच नाव चिकटले. पुढे त्यांतील गुप्तहेरांच्या कथाही त्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. मराठीत आपण त्यांना रहस्यकथा म्हटले, लपूनछपून अधाशासारख्या वाचल्या आणि साहित्याच्या इतिहासात मात्र त्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले.

या परंपरेचा पाया गो. ना. दातारशास्त्री यांनी घातला. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कथानकांना त्यांनी ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्यांत देशी वेश चढवला. परंतु रहस्यकथेला खरा जनाश्रय मिळवून दिला तो बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. झुंजार आणि त्याची पत्नी विजया, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही पात्रे दोन पिढ्यांना घरच्यासारखी होती. कथानकांवर इंग्रजी रहस्यकथांचे ऋण उघड दिसते. पण वाक्ये छोटी, गती वेगवान आणि प्रकरणाचा शेवट असा की पान उलटल्याशिवाय राहवू नये. जाड पुस्तकाला घाबरणाऱ्या कित्येकांना वाचनाची गोडी या पुस्तकांनीच लावली. ही कामगिरी लहान नव्हे.

पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईक यांनीही हजाराचा टप्पा ओलांडला; त्यांचा कॅप्टन दीप सैनिकी बाण्याचा. २०२१ मध्ये ते निवर्तले. सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी असे नायक उभे केले. आज तरुण वाचक त्यांना ओळखतो तो मुख्यतः २०१३ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘दुनियादारी’मुळे, आणि ती तर रहस्यकथा नव्हेच!

ही पुस्तके विकत घेण्यापेक्षा भाड्याने अधिक वाचली जात. गल्लीतल्या खासगी वाचनालयात अनामत ठेवायची, पुस्तक न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत करायचे. शंभर हातांतून फिरलेली प्रत अखेर रद्दीत जाई. जी उरली तिचा वैरी म्हणजे तिचाच कागद. रासायनिक प्रक्रियेत लगद्यातील लिग्निन बव्हंशी निघून जाते. नुसते लाकूड दळून केलेल्या लगद्यात ते तसेच राहते, आणि प्रकाश व हवा लागताच कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यात चंद्रपूरकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा, पावसाळा दमट, आणि वाळवी बारमाही. घराच्या माळ्यावरील पेटीत चाळीस-पन्नास वर्षे पडलेली रहस्यकथा उघडताना पान तुटून हातात येते, यात नवल नाही.

ग्रंथालयांवर विसंबावे, तर तेथेही अडचण. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठविण्याचे बंधन घातले होते. परंतु महिन्याला चार-चार पुस्तके काढणारा प्रत्येक छोटा प्रकाशक ते पाळतच असेल, असे मानता येत नाही. सार्वजनिक वाचनालयांनी फाटलेल्या प्रती काढून टाकल्या आणि नव्या मागविल्या नाहीत. अशा स्थितीत सतीश भावसार यांनी अर्नाळकरांच्या कथांचे केलेले संकलन मोलाचे ठरते.

संगणकीय प्रती करण्यात कायद्याची मर्यादा आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. दातारशास्त्री १९४१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पुस्तके कोणालाही छापता येतात. अर्नाळकरांची मात्र २०५६ अखेरपर्यंत वारसांच्या संमतीविना छापता येणार नाहीत, आणि तोवर तो कागद थांबणार नाही. ज्यांच्या घरी अशी पुस्तके असतील त्यांनी निदान मुखपृष्ठ व प्रकाशकाचे नाव, साल आणि किंमत असलेले पान सांभाळावे. सूची करणाऱ्याला नेमके तेच लागते, आणि पुस्तकाची बाहेरची पानेच आधी गळतात.