चार जागांचा कायदा : न्यूझीलंड, १८६७

विहाराच्या स्मरणिकेत न्यूझीलंड कुठून आले, असे काही उपासक-उपासिकांना वाटेल. सांगतो. रविवारची वंदना आटोपली की ओट्यावर आमची चर्चा रंगते. त्यात एखादा तरुण हटकून म्हणतो की, ऑफिसातले लोक ऐकवतात, राखीव जागा हे खूळ जगात फक्त भारतातच आहे. आम्ही बाबासाहेबांचे नाव घेऊन उत्तर देतो, पण बाहेरचे उदाहरण विचारले की गप्प बसतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगी येथे त्यांच्या सरदारांनी इंग्रजांच्या राणीशी तह केला. पुढे १८५२ साली लंडनच्या पार्लमेंटने या वसाहतीला घटना दिली आणि २४ मे १८५४ रोजी ऑकलंडला वसाहतीचे पहिले पार्लमेंट भरले. वर नेमलेल्या लोकांचे कौन्सिल, खाली निवडून आलेल्यांचे सभागृह आणि सगळ्यांच्या वर गव्हर्नर.

मताचा हक्क कोणाला? एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या पुरुषाला, पण त्याच्या नावावर ठराविक किमतीची जमीन किंवा भाड्याचे घर असले पाहिजे. कायद्यात गोरा-काळा असा शब्द कुठेही नव्हता. वाचणाऱ्याला वाटावे, वा, काय समता! पण माओरींची जमीन सगळ्या कुळाची सामाईक असे, एकट्याच्या नावावर नसे. झाले, मतदार यादीतून जवळजवळ सगळा समाज बाहेर! दारावर पाटी न लावताही माणसाला दाराबाहेर ठेवता येते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

मग या पार्लमेंटने केले काय? माओरींच्या जमिनीवरून १८६० पासून लढाया पेटल्या होत्या. १८६३ साली सभागृहाने न्यूझीलंड सेटलमेंट्स अ‍ॅक्ट नावाचा कायदा केला. बंडखोर ठरवलेल्या मुलखातली जमीन जप्त करून तिथे गोरे वसवायचे, हा त्याचा सार. एकट्या वायकाटो भागात सुमारे १२ लाख एकर जमीन गेली. जे लढले नव्हते त्यांचीही गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी एकही माणूस तो कायदा करणाऱ्या सभागृहात नव्हता.

या पार्श्वभूमीवर १८६७ साली नेपियरचे सभासद डोनाल्ड मॅकलीन यांनी माओरी प्रतिनिधित्वाचे विधेयक आणले. हे गृहस्थ आधी सरकारसाठी माओरींच्या जमिनी विकत घेण्याचे काम करीत, हेही लक्षात ठेवावे. जमिनीच्या वेगळ्या वहिवाटीमुळे माओरींना मतदार होता आले नाही, अशी कबुली कायद्याच्या सुरुवातीलाच दिलेली आहे. म्हणून चार वेगळे मतदारसंघ पाडले. तीन उत्तर बेटावर, आणि सबंध दक्षिण बेट मिळून एक. उमेदवार माओरी, मतदार माओरी. मालमत्तेची अट काढून टाकली. गोऱ्या पुरुषांसाठी ही अट १८७९ साली गेली, म्हणजे माओरी पुरुषाला सरसकट मत त्यांच्या बारा वर्षे आधी मिळाले. हे वाचून आम्हीही चकित झालो.

पण गोऱ्यांना एकाएकी दया आली असे कोणी समजू नये. त्याच सुमारास दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर सोन्याच्या खाणींमुळे वस्ती वाढली होती आणि तिकडच्या जागा वाढणार होत्या. उत्तरेत तीन माओरी जागा आल्या की तराजू थोडा सावरतो, हा हिशेब होताच. शिवाय लढायांनंतर माओरींना शांत करायचे होते. त्यातून कायदा फक्त पाच वर्षांसाठी. तोवर जमिनी एकेकाच्या नावावर होतील, मग हे लोक साध्या यादीत येतील आणि चार जागा बंद करता येतील, असा अंदाज. तो साफ चुकला. १८७२ साली मुदत वाढवली, १८७६ साली मुदतच काढून टाकली. आपल्याकडे लोकसभेतल्या राखीव जागांना दहा वर्षांची मुदत घातली होती, ती वाढत वाढत २०३० पर्यंत आली आहे. तेव्हा मुदतीचे गाऱ्हाणे फक्त आपल्याच वाट्याचे नाही.

आता आकडे पाहा. माओरी सुमारे ५० हजार, त्यांना ४ जागा. गोरे सुमारे अडीच लाख, त्यांना ७२. लोकसंख्येच्या मानाने माओरींना चौदा तरी मिळायला हव्या होत्या. चारच राहिल्या, आणि किती वर्षे? तब्बल १९९६ पर्यंत! त्या वर्षी पाचवी जागा झाली. २००२ पासून सात आहेत.

मत देण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. गोऱ्यांना १८७० साली गुप्त मतदान मिळाले. माओरी मतदाराने मात्र अधिकाऱ्यापुढे उभे राहून उमेदवाराचे नाव तोंडाने सांगायचे. पाटलाच्या देखत मत सांगायचे म्हणजे काय, हे आपल्या जुन्या माणसांना विचारा! माओरींना गुप्त मतदान मिळायला १९३७ चा कायदा यावा लागला.

१८६८ साली पहिले चौघे निवडून आले: फ्रेडरिक नेने रसेल, मेते किंगी, तारेहा ते मोआनानुई आणि जॉन पॅटरसन. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते. सभागृहाची भाषा इंग्रजी, विधेयके इंग्रजीत, मध्ये दुभाष्या. सभागृहात पहिले भाषण करणारे माओरी सभासद म्हणजे तारेहा. शहात्तर जणांत चौघे, आणि समोर काय वाचले जाते आहे हे दुभाष्या सांगेल तेवढेच कळणार. बसायला जागा मिळाली, पण कायदा हातात आला असे कसे म्हणावे?

इथे आम्हांला पुणे कराराची आठवण होते. माओरींना मिळाले ते स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे १९३२ च्या जातीय निवाड्यात बाबासाहेबांनी आपल्यासाठी मिळवले होते, जवळपास तेच. निवाड्यात आपल्याला दोन मते होती, एक आपल्या मतदारसंघात आणि एक सर्वसाधारण मतदारसंघात. ज्याच्या नावावर स्वतंत्र मालमत्ता असेल त्या माओरीलाही १८९३ पर्यंत असे दुसरे मत होते. येरवड्याच्या उपोषणादरम्यान, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा वाढून १४८ झाल्या, पण निवडून देणारे हात बहुतांशी दुसऱ्यांचे झाले. माओरींचे उलट. माणूस त्यांचा, निवडणारे त्यांचे, पण संख्या एवढी तोकडी की मतदानाला उभे राहिले की हरले. कोणते बरे, यावर आमच्यातही एकमत नाही. आमच्या मते स्वतंत्र मतदारसंघ आणि पुरेशी संख्या, दोन्ही लागतात. एक देऊन दुसरे काढून घेणे ही जुनी युक्ती आहे. काही ज्येष्ठांना हे पटत नाही, त्यांनी पुढच्या स्मरणिकेत जरूर लिहावे.

चार सभासद पुरत नाहीत हे माओरींनी तेव्हाच ओळखले. कराइतिआना ताकामोआना या सभासदाने १८७० च्या दशकात जागा वाढवून मागितल्या, मिळाल्या नाहीत. शेवटी १८९२ साली अनेक कुळांनी मिळून स्वतःचेच पार्लमेंट भरवले, त्याला कोताहितांगा म्हणजे एकजूट असे नाव होते. १८९३ साली मेरी मांगाकाहिया या बाईंनी तिथे उभे राहून बायकांना मताचा आणि सभासद होण्याचा हक्क मागितला. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला देशातल्या सगळ्या स्त्रियांना, माओरी स्त्रियांसकट, सरकारी निवडणुकीत मत मिळाले. निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क मात्र मिळाला नाही.

या एकजुटीच्या पार्लमेंटला सरकारने कधी मान्यता दिली नाही. उत्तरेचे तरुण माओरी सभासद होने हेके यांनी १८९४ साली वेलिंग्टनच्या सभागृहात विधेयक मांडले की, माओरींच्या बाबतीतले कायदे माओरींना करू द्यावेत. ते बोलायला उभे राहिले तसे गोरे सभासद एकेक करून बाहेर पडले. गणसंख्या उरली नाही म्हणून काम थांबले आणि विधेयक बारगळले. १८९६ साली हेके यांनी ते पुन्हा आणले. या वेळी सभासद बसून राहिले, आणि त्यांनी ते मतांनी पाडले.